आर्गनला वास नसतो

महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या आमच्या मुलांच्या तोंडी 'टिग' हा शब्द वारंवार ऐकू येतो. सकाळी बिरवाडीच्या नाक्यावर, नांगलवाडी फाट्यावर ठेकेदाराच्या गाडीची वाट पाहत जो घोळका उभा असतो, त्यात हा हेल्पर, हा फिटर, तो टिगवाला अशी वर्गवारी आपोआप झालेली असते. टिगवाल्याची हजेरी वेगळी आणि त्याच्याशी बोलण्याची मुकादमाची भाषाही वेगळी. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरून मोटारसायकलवर किंवा एसटीने उतरणाऱ्या तरुणाला वाटते, आपणही टिग शिकावे. त्याच्या आईला वाटते, ते डोळ्यांचे काम, पोराचे डोळे जातील. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. म्हणून या सदरात आज या कामाची नीट ओळख करून देत आहोत. माता-भगिनींनीही ती वाचावी, कारण यातल्या काही गोष्टी कारखान्यात नव्हे, घरात पाळायच्या आहेत.

टिग म्हणजे टंगस्टन इनर्ट गॅस. कामगार त्याला 'आर्गन वेल्डिंग' म्हणतात आणि ते नावही बरोबरच आहे. साध्या रॉड वेल्डिंगमध्ये रॉड स्वतःच जळून सांध्यात भरला जातो. टिगमध्ये टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची पेन्सिलीसारखी काडी असते. टंगस्टन सुमारे ३,४०० अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे काडी टिकून राहते आणि तिच्या टोकातून निघणारी ठिणगीची धार, म्हणजे आर्क, धातू वितळवते. दुसऱ्या हाताने बारीक तार त्या वितळलेल्या थेंबात घालत जायची. वितळलेल्या धातूला हवा लागली तर तो काळवंडतो, आत छिद्रे राहतात. म्हणून टॉर्चच्या नोझलमधून आर्गन वायूचा पडदा सोडलेला असतो. ठिणग्या उडत नाहीत, खरपुडी निघत नाही, सांधा नाण्यांची रास कलंडल्यासारखा दिसतो.

महाडला रासायनिक कारखाने आहेत. आम्ल, सॉल्व्हंट, औषधांचा कच्चा माल स्टेनलेस स्टीलच्या पाइपांतून आणि टाक्यांतून फिरतो. सांध्यात सुईएवढे छिद्र राहिले तरी तेथून गळती सुरू होते. म्हणून तेथे टिग लागते आणि म्हणूनच त्या हाताला किंमत आहे.

कौशल्याची खाती आपल्यासाठी कशी बंद ठेवली जात, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पैसा अधिक होता. पण धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागते, विटाळ होतो, या सबबीवर अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा वर्षच लोटले होते. तळ्याचे पाणी आणि गिरणीचे विणकाम खाते, दोन्हीकडे भांडण हात लावण्याचेच होते. महाड-पोलादपूरचे कितीतरी आजोबा त्याच गिरण्यांत राबले आणि १९८२ च्या संपानंतर रिकाम्या हातांनी गावी परतले. आज त्यांच्या नातवाच्या हातात टॉर्च येत असेल, तर ती येऊ द्यावी. मात्र ती कशी धरायची आणि केव्हा खाली ठेवायची, हे त्याला ठाऊक हवे.

प्रथम मशीन. हल्ली लहान वर्कशॉपमध्ये इन्व्हर्टर मशीन असते. एका माणसाला उचलता येते, सिंगल फेजवर चालते. हलके आहे म्हणून घरातल्या मिक्सरच्या प्लगला लावायचे नाही. २०० ॲम्पिअरचे मशीन पूर्ण जोरावर चालले की साध्या घरगुती सॉकेटच्या झेपेबाहेर वीज ओढते. सॉकेट वितळते, वायर तापते. त्याला वेगळी जाड तांब्याची केबल, योग्य क्षमतेचा एमसीबी, गळतीला तुटणारा ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी आणि खरे अर्थिंग हवे. खरे अर्थिंग म्हणजे जमिनीत गाडलेली पट्टी किंवा नळी आणि तिच्यापर्यंत न तुटता गेलेली तार. भिंतीतल्या सळईला गुंडाळलेली वायर नव्हे. आकडा टाकून मशीन चालवणाऱ्याला आम्ही काय सांगावे? त्याला ना अर्थिंग, ना फ्यूज, आणि अपघात झाला तर भरपाई मागायलाही तोंड नाही.

आता जोडणी. येथे रॉड वेल्डिंगवरून आलेला माणूस हमखास फसतो. रॉड वेल्डिंगला होल्डर बहुधा अधिक टोकाला लावतात. टिगमध्ये पोलादाला आणि स्टेनलेसला टॉर्च वजा टोकाला आणि अर्थ क्लॅम्प अधिक टोकाला लावायचा. उलटे लावले तर उष्णतेचा मोठा वाटा कामावर न जाता काडीवर येतो आणि टंगस्टनचे टोक वितळून गोळा होते. ॲल्युमिनियमला एसी करंट लागतो. ज्या मशीनवर एसी नाही त्यावर ॲल्युमिनियमचा हट्ट धरू नये. अर्थ क्लॅम्प कामाच्या तुकड्यावर, सांध्याच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी लावावा. दूर कोठेतरी शेडच्या खांबाला लावला की करंट आपली वाट आपण शोधतो. ती वाट कधी मोटारीच्या बेअरिंगमधून जाते, कधी ओल्या माणसाच्या अंगातून.

करंटचा अंदाज स्टेनलेसच्या दर मिलिमीटर जाडीला ३० ते ४० ॲम्पिअर असा धरून सुरुवात करावी आणि पुढे डोळ्यांनी ठरवावे. शंभर ॲम्पिअरच्या आत १.६ मिलिमीटरची काडी चालते, त्यापुढे २.४ ची घ्यावी. काडीला टोक काढताना ग्राइंडरच्या चाकावर ती उभी धरून लांबीच्या दिशेने घासावी. आडवी घासली तर रेघा गोलाकार पडतात आणि आर्क भटकतो.

या काडीच्या एका टोकाला रंग असतो. लाल रंगाच्या काडीत थोरियम मिसळलेले असते आणि थोरियम किरणोत्सारी आहे. नुसती काडी हातात धरल्याने काही बिघडत नाही. पण घासताना उडणारी धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात बसली की ती तेथून किरण सोडत राहते. आता करड्या रंगाच्या सेरियमच्या आणि सोनेरी किंवा निळ्या रंगाच्या लँथनमच्या काड्या मिळतात. काम तेच होते आणि हा धोका नाही. ठेकेदार लालच देत असेल तर मास्क लावून घासावे, धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, झाडू मारून उडवू नये. काडी शर्टाच्या खिशात ठेवून घरी आणू नये. भगिनींनो, धुण्याच्या वेळी खिशात लाल टोकाची काडी सापडली तर ती मुलांच्या हाती खेळायला देऊ नका.

आर्गनचा सिलिंडर निळा असतो. ऑक्सिजनचा काळा आणि ॲसिटिलीनचा मरून. रंग उडालेला असतो, कोणी पुन्हा मारलेला असतो, म्हणून रंगावर न जाता नाव वाचावे. मोठ्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर वायू साधारण १५० किलोच्या दाबाने कोंडलेला असतो. तो आडवा पडून व्हॉल्व्ह तुटला तर सिलिंडर बाणासारखा सुटतो आणि विटांची भिंत फोडून जातो. म्हणून तो उभा आणि साखळीने बांधलेला हवा, हलवताना टोपी चढवलेली हवी, जमिनीवरून लोळवत न्यायचा नाही. महाडहून पोलादपूरला न्यायचा तर उघड्या टेम्पोत बांधून न्यावा. बंद काचांच्या गाडीत नेऊ नये. त्याचे कारण पुढे येईल. व्हॉल्व्ह उघडताना रेग्युलेटरच्या समोर न उभे राहता बाजूला उभे राहावे आणि हळू उघडावे. फ्लोमीटरवर ८ ते १२ लिटर दर मिनिटाला, एवढे बहुतेक कामाला पुरते. पुष्कळांना वाटते की वायू जास्त सोडला तर सांधा अधिक चांगला. तसे नाही. जोर वाढला की प्रवाहात भोवरे होतात आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. पैसेही जातात आणि सांधाही बिघडतो. मिनिटाला १० लिटर धरले तर एक सिलिंडर सुमारे ७०० मिनिटे, म्हणजे साडेअकरा तासांच्या आसपास चालतो. हिशेब ठेवला म्हणजे रात्री कोणाची नळी गळत होती हे सकाळी कळते.

पावसाचे वेगळे लिहावे लागेल. आपल्याकडचा पाऊस चार महिने अंगावरचे कपडे वाळू देत नाही. मशीन चालू असून आर्क पेटलेला नसतो तेव्हा टोकाशी साठ-सत्तर व्होल्ट उभे असतात. कोरड्या माणसाला ते जाणवतही नाहीत. पण घामाने भिजलेला सदरा, ओले हातमोजे, चिखलात रुतलेली चप्पल आणि लोखंडी टाकीवर टेकलेले गुडघे अशा स्थितीत तेवढे व्होल्ट माणूस मारायला पुरेसे आहेत. पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट घ्यावी, हातमोज्यांचे दोन जोड ठेवावेत, एक घालायला आणि एक वाळायला. काडी बदलताना मशीन बंद करावे. ज्याच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्याने टिगच्या आसपास फिरू नये. आर्क पेटवणाऱ्या उच्च कंपनाच्या विजेने ते यंत्र गोंधळू शकते.

२२ जुलै २०२१ चा पूर महाडकर विसरलेले नाहीत. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. माणसांपुढे यंत्राचे काय मोल, असे कोणीही म्हणेल. पण ज्याचे दुकान पाण्याखाली गेले, त्याचे पोट त्या यंत्रावरच असते आणि चिखल धुऊन झाला की पहिला मोह होतो तो मशीन चालू होते का हे पाहण्याचा. पाण्यात बुडालेले मशीन चालू करून पाहू नये. वरून सुकले तरी आत ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत आणि सर्किटच्या पाटीवर गाळ बसलेला असतो. स्वतः खोलूही नये. इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात आणि प्लग काढल्यावरही त्यांच्यात वीज साठून राहते. जाणकार मेकॅनिककडून ते धुऊन, वाळवून, इन्सुलेशन तपासून घ्यावे. गाळात पडलेल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर पुरवठादाराकडे परत द्यावा. पावसाळा लागण्यापूर्वीच मशीन जमिनीवरून उचलून उंच फळीवर ठेवले तर यातले पुष्कळ टळते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगारांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. २०१३ चा कायदा झाला तरी त्या थांबल्या नाहीत. त्या बातम्यांत एक गोष्ट नेहमी असते. पहिला आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. मरणारे बहुधा एकाच वस्तीतले, कधी एकाच घरातले. आर्गनही माणसाला असाच घेतो आणि त्याची चाहूल गटारातल्या वायूइतकीही लागत नाही. गटारातल्या वायूला निदान दुर्गंधी असते. आर्गनला वास नाही, रंग नाही, चव नाही. तो विषारीही नाही. आपण घेतो त्या हवेत तो सुमारे एक टक्का असतोच. तो फक्त ऑक्सिजनची जागा घेतो.

येथे शरीराची एक खोड समजून घ्यावी. श्वास कोंडल्यावर जी घुसमट होते ती ऑक्सिजन कमी झाल्याने नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. आर्गनमध्ये माणूस श्वास आत-बाहेर करतच असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जात असतो, म्हणून घुसमट अशी होतच नाही. थोडे डोके हलके होते आणि माणूस खाली बसतो. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या जागी एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते. ओरडायला वेळ मिळत नाही. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो; १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा माणसाने आत थांबण्याची नाही.

हे घडते कोठे? स्टेनलेसचा पाइप जोडताना आतली बाजू काळवंडू नये म्हणून पाइपच्या आतही आर्गन भरतात. त्याला पर्जिंग म्हणतात. टाकीच्या आत बसून सांधा मारतात तेव्हाही नोझलमधून वायू येतच असतो. आर्गन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आहे, म्हणून तो टाकीच्या तळाशी, खड्ड्यात, तळघरात साठतो. समजा, जेवणाच्या सुटीत कोणी नळी टाकीतच ठेवून बाहेर आला आणि व्हॉल्व्ह थोडा उघडा राहिला. मिनिटाला १० लिटर म्हणजे तासाला ६०० लिटर, म्हणजे २०० लिटरची तीन बॅरल भरून आर्गन त्या टाकीच्या तळाशी. सुटीनंतर जो पहिला आत उतरून उकिडवा बसेल, त्याचे नाक नेमके तेथे येते. बंद काचांच्या गाडीत सिलिंडर नेऊ नये असे वर लिहिले त्याचे कारण हेच.

म्हणून बाहेर येताना टॉर्च आणि नळी दोन्ही टाकीबाहेर काढावीत. नुसता कॉक फिरवून भागत नाही. आत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी हवा तपासावी. आपल्या गावांत विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहतात. ती युक्ती रासायनिक कारखान्यात कधीही करू नये, तेथे कंदीलच स्फोट घडवील. ब्लोअरची पिशवी तळापर्यंत सोडून ताजी हवा आत ढकलत राहावी. हवा हवी म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर टाकीत सोडणारे महाभागही असतात. असे केल्यास कपडे ठिणगीने कापरासारखे पेटतात. मॅनहोलच्या तोंडाशी एक माणूस सतत उभा हवा, त्याच्या हातात आतल्या माणसाच्या पट्ट्याला बांधलेली दोरी हवी, आणि काहीही झाले तरी त्याने आत उतरायचे नाही. दोरीने ओढायचे, हाक मारायची, श्वासाचा संच घालूनच मदत आत पाठवायची. आपल्या माणसाला डोळ्यांदेखत पडलेले पाहून बाहेर थांबणे किती कठीण आहे हे आम्ही जाणतो. पण उडी घेणारा त्याला वाचवत नाही, त्याच्या शेजारी पडतो. मॅनहोलवर उभे राहण्याचे हे काम बहुधा सगळ्यात नव्या, सगळ्यात स्वस्त हेल्परला देतात आणि दहा मिनिटांनी त्यालाच चहा आणायला पाठवतात. आमच्या मुलांनी तो चहा आणायला जाऊ नये.

येथे एक अडचण आहे, ती कामगार आम्हाला सांगतीलच. पंखा लावला की आर्गनचा पडदा उडतो आणि सांध्याला छिद्रे पडतात, म्हणून टिगवाला स्वतःच पंखा बंद करतो, दारे लावून घेतो. हे खरे आहे. पण उपाय पंखा बंद करणे हा नाही. वाऱ्याचा झोत सांध्यावर येऊ देऊ नये. सांध्याला आडोसा करावा आणि धूर मागच्या बाजूने ओढून बाहेर टाकावा.

रासायनिक कारखान्यात ठिणगीचे मोल काय असते हे वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या वसाहतीतील एका औषध कारखान्यातील स्फोट आणि आगीत कितीतरी कामगारांचे प्राण गेले. त्याची कारणे हा आमच्या लेखाचा विषय नाही. आमचे सांगणे एवढेच की 'हॉट वर्क परमिट' म्हणजे सहीचा कागद नव्हे. ज्या पाइपवर काम करायचे तो मोकळा करून, धुऊन, दोन्हीकडून तोडून बंद केला आहे का, आणि आतला वायू मीटरने तपासला आहे का, हे विचारण्याचा अधिकार टॉर्च धरणाऱ्याला आहे. काम संपल्यावर निदान अर्धा तास तेथे कोणीतरी थांबून निखारा धुमसत नाही ना हे पाहावे.

याहून जवळचा धोका आपल्या अंगणात येतो. कारखान्यातले रिकामे लोखंडी बॅरल स्वस्तात मिळतात आणि कोणी त्याची चूल करतो, कोणी शेगडी, कोणी गुरांना पाणी पाजायला अर्धे कापून घेतो. रिकामे बॅरल रिकामे नसते. तळाशी चमचाभर सॉल्व्हंट राहिले असेल तर त्याची वाफ हवेत मिसळून पूर्ण बॅरलचा बॉम्ब होतो. ग्राइंडर किंवा आर्क लागताच झाकण उडते आणि समोर कापणाऱ्याचे डोके असते. बॅरलमध्ये काय होते हे ठाऊक नसेल तर त्याला हात लावू नये; दहा रुपयांच्या चुलीसाठी एवढी जोखीम कोणी घेऊ नये.

सॉल्व्हंटचीच आणखी एक गोष्ट. तेलकट भाग साफ करायला ट्रायक्लोरोइथिलीनसारखी क्लोरीनयुक्त द्रावणे वापरतात. टिगचा प्रखर अतिनील किरण त्यांच्या वाफेवर पडला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात तो सैनिकांवर सोडला गेला होता. फुप्फुसांवर त्याचा घात काही तासांनी दिसतो. अशा द्रावणाने पुसलेल्या तुकड्यावर किंवा त्याचा डबा जवळ उघडा असताना आर्क पेटवू नये.

आता डोळे. ज्या भीतीने आई मुलाला अडवते ती अगदी निराधार नाही, पण तिच्यावर इलाज आहे. टिगमध्ये धूर कमी असल्याने उजेड अडत नाही आणि चकचकीत स्टेनलेसवरून तो परतून येतो. त्यातील अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो. भाजताना कळत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू ओतल्यासारखे होते, पाणी वाहते, दिवा सहन होत नाही. घरोघर यावर बटाट्याच्या चकत्या ठेवतात, कोणी दूध घालतात. बटाट्याच्या गारव्याने बरे वाटते, पण कच्च्या बटाट्याची माती आणि दुधातले जंतू भाजलेल्या डोळ्यात जाणे चांगले नाही. स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या फडक्याची मिटलेल्या डोळ्यांवर घडी, अंधारी खोली, डोळे न चोळणे आणि सकाळी डॉक्टर, एवढे करावे. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आराम पडतो. मात्र औषधाच्या दुकानातून डोळे बधिर करणारे थेंब आणून घालत राहू नये. दुखणे थांबते, पण जखम भरत नाही आणि बुबुळ कायमचे खराब होऊ शकते.

हेल्मेटला १० ते १२ नंबरची काळी काच हवी. गॉगल लावून टॅक मारणारे बहाद्दर आम्हाला ठाऊक आहेत. त्यांची बहादुरी चाळिशीत कळते. शेजारी पाइप धरून उभ्या असलेल्या हेल्परलाही काच हवी. ठेकेदार वेल्डरला हेल्मेट देतो आणि हेल्परला सांगतो, तोंड फिरव. उघड्या गळ्याची आणि मनगटाची कातडी उन्हाने भाजावी तशी भाजते, म्हणून गळ्यापर्यंत बटणे लावलेला पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा. टेरिकॉट वितळून अंगाला चिकटते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण, दोन्ही माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातले. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियमचे घातक रूप असते. टिगचा धूर डोळ्यांना कमी दिसतो म्हणून तो नाही असे समजू नये. धुरावर गूळ खाल्ला की तो उतरतो, हा समज कारखान्यांत फार पसरला आहे. गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात. त्यांची वाटेत कोठे भेट होत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपवर काम केले आणि रात्री थंडी वाजून ताप आला, तर तो हिवतापच असेल असे नाही. डॉक्टरांना दिवसभर काय जोडले ते सांगावे.

सांध्याचा काळेपणा काढायला पिकलिंग पेस्ट लावतात. तिच्यात नायट्रिक आम्लाबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीतून आत शिरून हाडातले कॅल्शियम खाते. सुरुवातीला दुखतही नाही. अंगावर पडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुऊन, कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम लावून, तडक रुग्णालयात जावे आणि डबा सोबत न्यावा. तो रिकामा डबा घरात तिखट-मीठ ठेवायला आणू नये. कामाचे कपडेही घरच्या, विशेषतः तान्ह्या मुलांच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत.

देखभालीचे फार लिहीत नाही. रोज सकाळी टॉर्चची नळी हातातून फिरवून चीर आहे का पाहावे, सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, केबलचे उघडे तांबे चिकटपट्टी गुंडाळून न झाकता तुकडा बदलावा. पाण्याने थंड होणारी टॉर्च असेल तर टाकीतले पाणी पाहूनच चालू करावी. मशीनमधली धूळ महिन्याकाठी कोरड्या हवेने उडवावी, प्लग काढून आणि बाहेरूनच. साध्या लोखंडावर घासलेला ब्रश स्टेनलेसला लावू नये. लोखंडाचे कण बसतात आणि चार दिवसांत गंज दिसतो. काम थांबल्यावर वायू लगेच बंद करू नये. दर १० ॲम्पिअरला एक सेकंद, म्हणजे १०० ला दहा सेकंद टॉर्च तेथेच धरून ठेवावी. सांधा चंदेरी किंवा पेंढ्यासारखा सोनेरी दिसला तर हात बसत चालला आहे. करडा-काळा पडला तर उष्णता जास्त झाली किंवा वायू कमी पडला.

सुरक्षेची साधने ठेकेदाराने फुकट द्यायची असतात, हजेरीतून कापून नव्हे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती त्यांनीच १९४६ मध्ये मांडली. शटडाउनच्या काळात सलग दोन पाळ्या करणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. थकलेला हात टंगस्टन थेंबात बुडवतो आणि थकलेला माणूस मॅनहोलवरच्या सोबत्याला जायला सांगतो.

शिकावे कोठे, असे विचारले जाते. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलालाही प्रवेश मिळतो. मुलींनाही मिळतो, स्थिर हात आणि नजर लागणाऱ्या या कामाला मुलगी कमी पडेल असे मानायला काहीच कारण नाही. पुढे बॉयलरच्या पाइपवर काम करायचे तर वेगळी परीक्षा असते. तिचा तुकडा कापून, वाकवून, एक्स-रे काढून तपासतात. तो दाखला हाती आला की ठेकेदार बदलला तरी किंमत जात नाही.

प्रवेशाला अवकाश असेल तर एक सराव घरी करता येतो, त्याला वीज लागत नाही आणि वायूही लागत नाही. उजव्या हातात टॉर्चऐवजी पेन्सिल धरावी, तिचे टोक कागदावरच्या रेघेपासून दोन-तीन मिलिमीटर वर ठेवून सावकाश सरकवावे, आणि त्याच वेळी डाव्या हाताची तार अंगठा आणि बोटांमधून थोडी थोडी पुढे सोडत राहावे. पहिल्या दिवशी दोन्ही हात एकमेकांशी भांडतात. आठवड्याभरात समजुतीने वागू लागतात. तारेचे मागचे टोक मात्र आधी वाकवून ठेवावे, म्हणजे मागे खेळणाऱ्या लहान भावंडाच्या डोळ्यात जाणार नाही.